आजोबांचं नाव उतरलं, आमची चढली : फौती नामांतरणाचा अनुभव

इंदूरच्या मराठी घरांत गावाकडच्या शेतीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : "नाव अजून आजोबांचंच आहे." आमच्याकडेही तेच होतं. आजोबा 1994 मध्ये गेले, आजी 2003 मध्ये आणि एप्रिल 2023 मध्ये बाबा. खसऱ्यात, म्हणजे शेताच्या सरकारी नोंदीत, मात्र भूमिस्वामी (जमिनीचे मालक) म्हणून आजोबाच उभे. जमीन फार नाही, 1.26 हेक्टर, माळव्याच्या हिशेबात पाचेक बिघे. पण बाबांच्या तेराव्यानंतर आईने विचारलं, "आता हे कोण करणार?" भाऊ बंगळूरला, आई सत्तरीच्या पुढे. काम माझ्याकडे आलं.

मृत खातेदाराचं नाव उतरवून वारसांची नावं चढवणं, याला आपल्याकडे फौती नामांतरण म्हणतात. मे 2023 मध्ये कागद जमवायला घेतले आणि जुलै 2024 मध्ये दुरुस्त खसरा हातात पडला. मधल्या काळात राज्यसरकार नावाची गोष्ट मी पहिल्यांदा जवळून पाहिली. ओळखीतल्या बऱ्याच घरांत हेच काम अडलेलं आहे, म्हणून जसं घडलं तसं लिहिते.

सुरुवात मृत्यू प्रमाणपत्रांपासून झाली. बाबांचं नगर निगमातून, म्हणजे महापालिकेतून, लगेच मिळालं. आजोबांचं घरातल्या पत्र्याच्या पेटीत होतं. आजीचं मिळेना, तेव्हा निगमातल्या जुन्या नोंदीवरून काढलं; त्यासाठी साल आणि महिना पक्का माहीत असणं फार उपयोगी पडलं. तिन्हींवरची नावं एकमेकांशी आणि आधारशी ताडून पाहा. आमच्याकडे आजीचं नाव एका कागदावर आडनावासह, दुसऱ्यावर नुसतं नाव आणि पुढे "बाई" असं होतं. दोन्ही एकाच व्यक्तीची नावं आहेत असं शपथपत्र करावं लागलं. तेव्हा 50 रुपयांच्या स्टँपवर ते होत असे, नोटरीचे पैसे वेगळे.

त्यानंतर समोरच्या काकांकडे गेले. काका तहसिलीत रीडर होते, म्हणजे तहसीलदारांच्या कोर्टात प्रकरणं पुढे ठेवणारे आणि आदेशपत्रिका लिहिणारे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण कलमं अजून तोंडपाठ. मी विचारलं, "काका, हे किती दिवसांत होईल?" ते म्हणाले, "ते नंतर. आधी फाईल कुठून कुठे जाते ते बघ." मग कालनिर्णयचं उलटलेलं पान पाठीमागून घेऊन त्यांनी एक शिडी काढून दिली. ते पान मी काम संपेपर्यंत फाईलमध्ये सगळ्यात वर ठेवलं होतं.

सगळ्यात खाली पटवारी, ज्याच्याकडे गावांचा एक हल्का. त्याच्यावर राजस्व (महसूल) निरीक्षक, म्हणजे आरआय. मग नायब तहसीलदार आणि तहसीलदार. त्यांच्यावर अनुविभागीय अधिकारी, ज्यांना सगळे एसडीएम म्हणतात. मग अपर कलेक्टर आणि कलेक्टर. जिल्ह्याच्या वर संभागायुक्त. इंदूर संभागात इंदूर, धार, झाबुआ, अलिराजपूर, खरगोन, बडवानी, खंडवा आणि बुऱ्हाणपूर असे आठ जिल्हे. महसुली दाव्यांसाठी सगळ्यात वरचं न्यायालय म्हणजे राजस्व मंडळ, आणि ते ग्वाल्हेरला. शिडीच्या बाजूला काकांनी एक वेगळी रेघ ओढून भोपाळ लिहिलं : वल्लभ भवन (मंत्रालय), राजस्व विभाग, प्रमुख सचिव, मंत्री. "धोरण, बदल्या, पैसा इथून," ते म्हणाले. "तुझ्या फाईलवर सही मात्र इथून होणार नाही. ती तहसीलदाराची."

राजस्व मंडळ भोपाळला का नाही, हे मला तेव्हा नवीन होतं. 28 मे 1948 रोजी ग्वाल्हेर, इंदूर आणि माळव्यातली इतर संस्थानं मिळून मध्य भारत झालं. हिवाळी राजधानी ग्वाल्हेर, उन्हाळी इंदूर. 1 नोव्हेंबर 1956 ला मध्य भारत, विंध्य प्रदेश, भोपाळ आणि महाकोशल एकत्र येऊन आजचा मध्य प्रदेश उभा राहिला, जुन्या मध्य प्रांतातला मराठी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि राजधानी भोपाळला आली. तेव्हा इतर शहरांनाही वाटा मिळाला. उच्च न्यायालय जबलपूरला, त्याची खंडपीठं इंदूर आणि ग्वाल्हेरला, राजस्व मंडळ ग्वाल्हेरला, लोकसेवा आयोग आपल्या इंदूरला. आपल्या राज्याचं सरकार एका शहरात राहत नाही, आणि कुठला कागद कुठल्या गावी जातो हे त्यामुळे आधी विचारावं लागतं.

12 जून 2023 ला भोपाळच्या सातपुडा भवनाला मोठी आग लागली. टीव्हीवर ते पाहून आई घाबरली, "आपले कागद तर तिथे नव्हते ना?" तिथे आरोग्य, आदिवासी विकास वगैरे खात्यांची संचालनालयं होती. जमिनीचे मूळ कागद तहसिलीत आणि जिल्ह्याच्या अभिलेखागारात असतात. हे काकांनीच आईला येऊन सांगितलं, तेव्हा तिला झोप लागली.

त्याच महिन्यात मी मोती तबेल्याला कलेक्टर कार्यालयात जुन्या नोंदीची नकल काढायला गेले. संगणकावरच्या खसऱ्यात आजोबांचं नाव अर्धवट होतं, वडिलांचं नाव गाळलेलं, आणि हा खातेदार तोच हे दाखवायला जुना कागद हवा होता. अर्ज दिला, शुल्क भरलं, काही दिवसांनी बोलावलं. अभिलेखागारातल्या माणसाने लाल कापडाचा बस्ता आणून टेबलावर ठेवला, गाठ सोडली, आणि बोटाला पाणी लावून एकेक पान उलटत गेला. पानांच्या कडा तपकिरी झालेल्या, शाई मात्र ठळक. गावाचं नाव आलं, सर्व्हे नंबर आला, आणि मग आजोबांचं पूर्ण नाव, वल्द त्यांच्या वडिलांचं नाव, 1961 च्या खरेदीच्या नोंदीसकट. पणजोबांचं नाव मी तोवर फक्त श्राद्धाच्या संकल्पात ऐकलं होतं. ती नकल नीट जपा. पुढे प्रत्येक टेबलावर तीच पहिल्यांदा मागितली गेली.

आता वारस. इथे आमच्याकडे सगळ्यात जास्त चर्चा झाली, कारण आत्या. ती पुण्याला असते. नात्यातल्या दोघातिघांनी सुचवलं की बहिणीचं नाव कशाला घालता, तिच्याकडून "मला नको" असं शपथपत्र घ्या आणि मोकळे व्हा. काका यावर एकदम कडक झाले. शपथपत्राने हक्क जात नाही. सोडायचाच असेल तर नोंदणीकृत हक्कत्याग लागतो, आणि तो तिने समजून-उमजून केला पाहिजे. त्यांनी हिशेबही करून दिला. आजोबांची जमीन स्वकष्टार्जित, मृत्युपत्र नाही. हिंदू उत्तराधिकार अधिनियम 1956 प्रमाणे आजी, बाबा आणि आत्या यांना प्रत्येकी एकतृतीयांश. आजी गेल्यावर तिचा हिस्सा बाबा आणि आत्यात समान. म्हणजे निम्मी आत्याची, निम्मी बाबांची. बाबांच्या निम्म्यातून आई, भाऊ आणि मी, प्रत्येकी एकषष्ठांश.

या एका हिशेबात मला देशाची रचना कळली, असं म्हटलं तर कोणाला जास्त वाटेल, पण खरं आहे. वारस कोण हे संसदेचा कायदा ठरवतो. मृत्यूची नोंद 1969 च्या केंद्रीय कायद्याने होते, पण प्रमाणपत्र देतं नगर निगम. जमीन आणि जमिनीचं दप्तर हा विषय मात्र घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीत आहे. म्हणून मध्य प्रदेशात 1959 ची भू-राजस्व संहिता चालते, महाराष्ट्रात 1966 ची. आपल्या संहितेचं कलम 164 सांगतं की भूमिस्वामीचा हक्क त्याच्या व्यक्तिगत कायद्याप्रमाणे वारसांकडे जातो. म्हणजे तहसीलदार राज्याच्या कायद्याने नोंद करतो, पण कोणाची नोंद करायची हे त्याला केंद्राच्या कायद्यात पाहावं लागतं. आत्याचं नाव गाळणं तहसीलदाराच्याही हातात नाही आणि आमच्याही नाही, हे नातेवाइकांना मी याच भाषेत सांगितलं. वाद तिथेच थांबला.

आत्याला फोन केला. ती म्हणाली, "मला पैसे-बिसे नकोत गं. पण बाबांच्या कागदावर माझं नाव आलं तर बरं वाटेल." मग काय, चार नावं.

जुलैच्या शेवटी लोक सेवा केंद्रातून अर्ज केला. सोबत तिन्ही मृत्यू प्रमाणपत्रं, वंशवृक्ष (इथे सजरा म्हणतात), सगळ्यांचे आधार, खसरा आणि बी-1 (खात्याचा उतारा) यांची चालू प्रत, जुनी नकल, शपथपत्रं. फॉर्ममध्ये समग्र आयडीचा रकाना होता. समग्र ही मध्य प्रदेशाची, इथल्या रहिवाशांना ओळख क्रमांक देणारी योजना, आत्याकडे ती असणार कुठून? तिच्यापुरता आधार चालला, पण खिडकीवर हे समजावून सांगायला वेळ गेला. ज्यांचे वारस राज्याबाहेर आहेत त्यांनी त्या वारसाच्या पत्त्याचा एक जास्तीचा पुरावा बरोबर ठेवावा.

पावती मिळाली ती नीट वाचा. तिच्यावर अर्ज क्रमांक असतो, आणि प्रकरण तहसिलीत नोंदलं गेलं की वेगळा प्रकरण क्रमांक पडतो, ज्याच्या मध्ये "अ-6" असं लिहिलेलं असतं. अ-6 म्हणजे नामांतरण, अ-27 म्हणजे बटवारा (वाटणी), अ-12 म्हणजे सीमांकन (हद्दीची मोजणी). हा क्रमांक हाती आल्यावर आरसीएमएस या महसुली प्रकरणांच्या संकेतस्थळावर पुढची पेशी (सुनावणी) कधी, आदेशपत्रिकेत काय लिहिलं, हे घरबसल्या दिसतं. त्यानंतर मी कुठेही "मेरा काम कब होगा" असं विचारलं नाही. "अ-6 का प्रकरण है, पटवारी रिपोर्ट के लिए गया है, रिपोर्ट आई क्या?" असं विचारायचे. उत्तर लगेच मिळायचं, मग ते "नहीं आई" का असेना.

तहसिलीबाहेर एक गृहस्थ भेटले, सगळं मिळून अमुक रक्कम द्या, पंधरा दिवसांत करून देतो म्हणाले. मी नमस्कार करून पुढे गेले. आमचं काम वकिलाशिवायही झालं, कारण वाद नव्हता. वाद असेल तर वकील जरूर करा.

कायदा काय म्हणतो ते इथेच सांगते. कलम 110 मध्ये प्रकरण नोंदल्यापासून अविवादित नामांतरणाला 30 दिवस आणि विवादितला पाच महिने अशी मुदत आहे. अविवादित नामांतरण लोक सेवा गारंटीतही, म्हणजे सरकारी सेवा ठरलेल्या मुदतीत देण्याच्या कायद्यातही, येतं. हा कायदा मध्य प्रदेशाने 2010 मध्ये देशात पहिल्यांदा केला. मुदत चुकली तर जबाबदार अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 5,000 रुपये दंड होऊ शकतो. कागदावरचे 30 दिवस आमच्या वाट्याला आले नाहीत, आणि त्याची कारणं मला एकेक करून दिसत गेली.

ऑगस्टमध्ये इश्तहार (जाहीर सूचना) निघाला. वारसांची नावं आणि कोणाची आपत्ती (हरकत) असेल तर पंधरा दिवसांत कळवा, असा मजकूर. एक प्रत तहसिलीच्या फळ्यावर, एक ग्राम पंचायतीत. मी गावी जाऊन त्याचा फोटो काढला, तारीख दिसेल असा. आपत्ती कोणाचीच आली नाही. आता पटवाऱ्याचा अहवाल आणि पंचनामा तेवढा राहिला होता. पटवारी म्हणजे तिशीतला मुलगा, बोलायला नम्र, पण त्याच्याकडे स्वतःचा एक हल्का आणि शिवाय दुसऱ्याचा प्रभार. त्या वर्षी पटवारी भरतीच्या निकालावरून वाद होऊन जुलैमध्ये नेमणुका थांबल्या होत्या, त्यामुळे माणसं कमीच. तो म्हणाला, "दीदी, अगले हफ्ते गाँव में आता हूँ." आणि ऑगस्टअखेरीस राज्यभरातल्या पटवाऱ्यांचा वेतनश्रेणीसाठी बेमुदत संप सुरू झाला.

सप्टेंबर असाच गेला. तहसिलीत गेलं की एकच उत्तर, पटवारी हडताल पर हैं. मला राग यायचा, पण त्या मुलाची पगाराची पावती काकांनी मला समजावून सांगितली तेव्हा राग निवळला. गिरदावरी (पीकपाहणी), पीकनुकसानीचे पंचनामे, योजनांच्या याद्या, जातीच्या दाखल्यांची चौकशी, सगळं याच माणसावर येऊन पडतं. वल्लभ भवनातून निघालेला प्रत्येक आदेश शेवटी त्याच्या मोटारसायकलवरून गावात पोचतो.

संप मिटला आणि 9 ऑक्टोबरला विधानसभेची निवडणूक जाहीर झाली. त्या आधी सरकारने घाईघाईने मैहर आणि पांढुर्णा हे नवे जिल्हे काढले होते. जिल्हे, तहसिली काढणं हा पूर्णपणे राज्याचा अधिकार, दिल्लीला विचारावं लागत नाही. ऑगस्टमध्ये मऊगंज झालाच होता, त्यामुळे राज्यात 55 जिल्हे झाले. पण निवडणूक जाहीर झाल्याबरोबर चित्र पालटलं. कलेक्टर हेच जिल्हा निर्वाचन अधिकारी. बहुतेक मतदारसंघांत एसडीएम रिटर्निंग ऑफिसर, तहसीलदार सहायक. निवडणुकीच्या कामापुरती ही सगळी मंडळी निवडणूक आयोगाच्या प्रतिनियुक्तीवर धरली जातात, राज्य सरकारला त्यांची परस्पर बदलीसुद्धा करता येत नाही. तहसीलदारांच्या दालनात मी गेले तेव्हा टेबलावर प्रकरणांच्या जागी मतदान केंद्रांचे नकाशे होते. नामांतरण आचारसंहितेत बंद होत नाही, पण करणारा माणूस तोच. पेशीच्या तारखा पुढे पुढे पडत राहिल्या. 17 नोव्हेंबरला मतदान झालं, 3 डिसेंबरला निकाल, 13 डिसेंबरला नव्या मुख्यमंत्र्यांचा शपथविधी.

पटवाऱ्याचा अहवाल तोवर लागला होता, तरी पेशीवर आदेश होईना. डिसेंबरमध्ये मी 181 वर, म्हणजे सीएम हेल्पलाईनला तक्रार नोंदवली. या तक्रारीची रचना समजून घ्या, कारण ती काकांच्या शिडीसारखीच आहे. तक्रार आधी एल-1 कडे जाते, तिथे मुदतीत निपटली नाही तर आपोआप एल-2, मग एल-3, आणि शेवटी एल-4 म्हणजे भोपाळचा वरिष्ठ अधिकारी. तालुका, जिल्हा, संभाग, राज्य. मला तहसिलीतून फोन आला, तक्रार बंद करा, काम करून देतो. मी नम्रपणे सांगितलं की काम झालं की लगेच बंद करते. थोड्या दिवसांनी उत्तर चढलं : प्रकरण राजस्व न्यायालयात विचाराधीन. हे उत्तर बऱ्याच जणांना मिळतं आणि लोक संतापतात. काकांनी अर्थ सांगितला. नामांतरणाचा निर्णय करताना तहसीलदार नुसते अधिकारी नसतात, ते राजस्व न्यायालय म्हणून बसतात. "नाव चढवा" असा हुकूम त्यांना कलेक्टरही फोनवर देऊ शकत नाहीत. आदेश मान्य नसेल तर एसडीएमकडे अपील, आणि तिथून वर. पण "लवकर निकाल द्या" असं वरून सांगता येतं, कारण वेळेत काम होतंय की नाही हे पाहणं प्रशासनाचं काम. म्हणून तक्रारीत "माझं नाव चढवून द्या" असं लिहू नका. "अविवादित प्रकरण, आपत्ती नाही, अहवाल अमुक तारखेला आला, मुदत संपली, निकाल द्यावा" असं लिहा. मी तसंच लिहून कलेक्टर कार्यालयाच्या मंगळवारच्या जनसुनवाईत अर्ज दिला. रांग मोठी होती, पण ऐकून घेतलं. अर्जावर शेरा मारून तो एसडीएमकडे पाठवला, नोंद क्रमांक मिळाला.

अर्ज कामी आला की राजस्व महाअभियान, मला सांगता येणार नाही. नव्या सरकारने 15 जानेवारी 2024 पासून हे अभियान सुरू केलं, अडकलेली नामांतरणं, बटवारे, सीमांकनं निकाली काढण्यासाठी. रोजचा आढावा, जिल्ह्यांची तुलना. तहसिलीचं वातावरणच बदललं. तोच रीडर, जो पूर्वी मान वर करत नसे, स्वतः फोन करून म्हणाला, "सब वारिसों को ले आइए, बयान हो जाएँगे."

आत्या पुण्याहून रात्रीच्या गाडीने आली, भाऊ विमानाने. आई बाबांची शाल घेऊन निघाली. तहसीलदार मॅडम तरुण होत्या, राज्य सेवा परीक्षेच्या वाटेने आलेल्या. ती परीक्षा आपल्या इंदूरचाच आयोग घेतो. कलेक्टर मात्र आयएएस, संघ लोकसेवा आयोगाचे, मध्य प्रदेश केडरचे. एकाच इमारतीत दोन वेगळ्या दारांनी आलेली माणसं काम करतात, हे आम्ही बाकावर बसून आत्याला सांगत होतो. आमचं नाव पुकारलं. मॅडमनी आत्याला विचारलं, "आपको हिस्सा चाहिए या छोड़ रही हैं? किसी का दबाव तो नहीं?" आत्याने पदर सारखा केला आणि तिच्या पुणेरी हिंदीत ठामपणे सांगितलं, "मेरे पिताजी की जमीन है, मेरा नाम लगाइए." मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी रीडरला "लिखो" म्हटलं आणि प्रत्येक बयान वाचून दाखवल्यावरच सही घेतली. दहा-पंधरा मिनिटांत झालं. बाहेर येऊन आम्ही चहा प्यालो, आत्या खूप वेळ काही बोलली नाही.

फेब्रुवारीच्या मध्यात आदेश झाला. आदेशाची प्रमाणित प्रत त्याच आठवड्यात काढा, अपिलाची मुदत मोजायलाही तीच लागते. आदेश झाला म्हणजे काम संपलं असं नाही. त्याचा अमल खसऱ्यात, म्हणजे संगणकावर, वेगळा होतो. मार्चच्या सुरुवातीला मी संकेतस्थळावर खसरा उघडला. आजोबांचं नाव गेलेलं होतं, चार नावं आली होती, हिस्से बरोबर होते. पण आत्याचं नाव माहेरच्या आडनावाने चढलं होतं, तेही एक अक्षर चुकीचं. आदेशात तर लग्नानंतरचं नाव होतं, आधारप्रमाणे.

अशी चुकीची नोंद दुरुस्त करण्याचा अधिकार कलम 115 खाली एसडीएमकडे आहे. अर्ज दिला, आदेशाची प्रत आणि आत्याचं आधार जोडलं. आणि 16 मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. आपल्याकडे मतदान 13 मेला होतं, तोवर एसडीएम कार्यालयात निवडणुकीशिवाय दुसरा विषय नव्हता. या वेळी मला कारण माहीत होतं, म्हणून चकरा मारल्या नाहीत. जूनमध्ये आचारसंहिता उठल्यावर गेले, पटवाऱ्याकडून दोन ओळींचा अहवाल आला, दुरुस्तीचा आदेश झाला आणि जुलैमध्ये बरोबर नावाचा खसरा निघाला. त्याच दिवशी मी 181 ला फोन करून सांगितलं की तक्रारीचं काम पूर्ण झालं.

खर्चाचं विचाराल तर सरकारी शुल्कं, नकला, स्टँप, नोटरी आणि झेरॉक्स मिळून दोन हजारांच्या आत. पेट्रोल, आत्याचं आणि भावाचं येणं-जाणं धरलं तर त्याच्या कितीतरी पट. वारसांची बयानं एकाच तारखेला लागावीत म्हणून रीडरला आधी विनंती करा, बाहेरगावच्या माणसांची दुसरी फेरी वाचते. प्रत्येक अर्जाची दुसरी प्रत न्या आणि आवक-जावक शाखेत तिच्यावर शिक्का, तारीख घ्या. देताना कोणी नाही म्हटलं नाही. आईवडील हयात आहेत तोवर त्यांना विचारून आजोबा-पणजोबांची पूर्ण नावं, मृत्यूची सालं आणि सगळ्या आत्यांची लग्नानंतरची नावं एका वहीत लिहून ठेवा. सजरा करताना आमचे सर्वात जास्त दिवस यातच गेले.

दुरुस्त खसऱ्याची प्रत आत्याला कुरियर केली. तिने ती देवघराशेजारी लावली असं आत्येबहिणीने कळवलं. बटवारा आम्ही अजून केलेला नाही, खातं चौघांचं शामिल आहे आणि शेत नेहमीच्याच माणसाकडे बटाईने आहे. बटवाऱ्याचं प्रकरण अ-27 मध्ये वेगळं नोंदलं जातं, त्याला फर्द बटवारा (वाटणीचा तक्ता) लागतो आणि सगळ्या खातेदारांचं म्हणणं ऐकून घेतलं जातं. भाऊ दिवाळीत येईल तेव्हा ते ठरेल.